गुडघे दुखणारी वीरांगना

जगात राक्षसावर चालून जाणाऱ्या वीराच्या हाती तलवारीआधी कांदा देणारा लेखक एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपुरात मानेवाड्याकडे राहतात. वीजखात्यात मीटर रीडर म्हणून त्यांनी जन्म काढला आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, इतर माणसं सकाळी फिरायला निघतात तितक्या सहज, अद्भुत कथा लिहायला बसले. आपण नागपूरकर मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून घराबाहेर पडतो. मग आगीचं वाळवंट ओलांडणाऱ्या माणसानं कांदा का नेऊ नये, असा त्यांचा साधा सवाल. "लोखंडाचं चिलखत घालते म्हन्ते लेकाचा! आपल्या उन्हात? भाजून निंगन ना तो, वांग्यासारखा!" हे त्यांचं जगातल्या समस्त राजपुत्रांबद्दलचं मत.

राजपुत्र म्हटला की त्यांचं टाळकंच सरकतं. त्यांचे नायक म्हणजे धुळीनं शिंका येणारा शिंपी, अंधाराला भिणारा पोस्टमन, दमा असलेला बँडवाला. अशी सगळी फौज. हा बँडवाला फुंकर मारून राक्षसाचा किल्ला उडवायला निघतो आणि दर दोन पानांनी दम खायला बसतो. मी एकदा म्हटलं, एखादा धडधाकट घ्या की हो. तर म्हणाले, "साडभाऊ, ज्याले भेव वाटत नाई, त्याच्या कथेत मले काय काम? मी गेट उघडलं का दर घरात एक कुत्रं राहे. रोज भेवच वाटे. तरी आत जाच लागे ना!" मग मी भीत भीत स्वतःचंच नाव पुढे केलं. त्यांनी मला चष्म्यावरून नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही नाई जमत. राजाचे खजिनदार म्हनून पाहतो कुठं बसले त." त्याचा राग मला अजून आहे.

पण त्यांचं खरं काम म्हणजे सरूबाईची कादंबरी. सहा वर्षं लिहीत होते. एक राक्षस एका घोटात नदी पिऊन टाकतो, आणि ती परत आणायला अठ्ठावन्न वर्षांची सरूबाई एकटी निघते. राक्षस राहतो कोळशाच्या सोडून दिलेल्या खाणीत, कारण साडूंची पहिली नेमणूक कोळसाखाणींच्या सावनेरची. सरूबाईच्या चष्म्याला दोरी, हातात स्टीलचा डबा, आणि दोन्ही गुडघे दुखणारे. डोंगर चढताना ती दर वळणावर "आई गं" करून बसते, आणि बसते म्हणूनच वाटेतल्या दगडाधोंड्यांशी, झाडांशी, एका एकलकोंड्या चेटकिणीशी तिच्या गप्पा होतात. वाट तिला तेच दाखवतात. शेवटी ती खाणीच्या तोंडाशी फतकल मारून बसते आणि राक्षसाची उलटतपासणी सुरू करते. जेवला का? अंघोळ कधी केली होती? "तू हे काय करून राहिला, तुह्या आईले माहीत हाय का?" तिसऱ्या दिवशी राक्षस हमसून हमसून रडायला लागतो. असल्या उलटतपासणीपुढे मी स्वतः अनेकदा ढासळलो आहे, कारण आमच्या ताई, म्हणजे साडूंची बायको, नेमके असेच प्रश्न विचारतात. चष्म्याची दोरीही त्यांचीच. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंना काही कळलेलं नाही असं फक्त साडूंना वाटत होतं.

दर रविवारी सकाळी वाचन असे. मी आणि शेजारचे तीन निवृत्त गृहस्थ, एवढा श्रोतृवर्ग. पोहे आधी मिळत, पण नुसते. वरची झणझणीत तर्री प्रकरण संपल्यावर. मध्येच कोणी उठून जाऊ नये म्हणून ही तजवीज. कोरडे पोहे घशात अडकलेले असताना आम्ही सरूबाईचं शौर्य ऐकत असू. सहा वर्षांत ताई एकदाही बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या नाहीत. आतून फक्त भांडी वाजत.

कादंबरी साडूंनी पाच ठिकाणी पाठवली, पाचही ठिकाणांहून परत आली. मग सहाव्या ठिकाणी, पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली, आणि एक दिवस त्याचा फोन आला. कादंबरी आवडली, छापू म्हणाला. फक्त एक करा, नायिका वीस वर्षांची करा. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा पराक्रम कोण विकत घेणार? साडू त्या दिवशी माझ्याकडे आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साडभाऊ, माहं नाव छापून आल्यालं मी लग्नाच्या पत्रिकेतच पाह्यलं हाय. तेही अठरा नावाइच्या खाली. एक डाव पुस्तकावर पाहायचं होतं. बस, येवढंच." मी म्हटलं, करून टाका बदल, कोणाला कळणार आहे? आज लाज वाटते, पण म्हटलं खरं.

साडूंनी सरूबाईची सरू केली. आणि काय सांगू, पंचाईतच झाली! ही पोरगी एका उडीत दरी ओलांडे, त्यामुळे चेटकीण भेटेचना. डोंगर ती धावत चढे, त्यामुळे झाडं-दगड गप्प. साडेतीनशे पानांची कादंबरी सत्तर पानांत आटोपली. त्यात वय बदललं तरी गुडघे काही साडूंच्या लेखणीतून जाईनात. ही वीस वर्षांची, वेणी उडवत दरीवरून झेप घेणारी तरुणी पलीकडे उतरली की "आई गं" म्हणून गुडघ्याला तेल चोळत बसे.

पुढच्या रविवारी हाच मजकूर वाचायला घेतला. दोन पानं झाली असतील, तोच ताई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"थांबा. हे कोन पोरगी हाय? आपली बाई कुठं गेली?"

साडू गडबडले. "सरूबाईच हाय वं. जवान केली तिले."

"काहून?"

"पुन्याचे म्हन्तेत, म्हाताऱ्या बाईचं कोनी वाचत नाई."

ताई म्हणाल्या, "मी वीस वर्साची होती, तवा काहून नाई लेहलं मंग? तवा त गुडघेही दुखत नोते माहे."

आम्ही चौघांनी माना खाली घातल्या. साडूंनी चष्मा काढला. आम्ही समोर बसलो आहोत हे ते बहुधा विसरलेच. "तवा मी तुह्याकडे नीट पाह्यलंच नाई वं," ते म्हणाले. "मले वाटे, घर आपोआप चालते. तू दिसाले लागली, तवर अठ्ठावनची झाली होती."

एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि प्रकाशकाला लावला. साडू फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "साहेब, बाई अठ्ठावनचीच राहीन." पलीकडून अगदी सौजन्यानं उत्तर आलं, "मग आम्हांला नाही जमायचं हो, काका. माफ करा." साडू "बरं बरं" म्हणाले, फोन ठेवला, आणि तो टेबलावर सरळ आहे की वाकडा हे पाहत राहिले. सहा वर्षं, आणि दोन मिनिटांत सगळं संपलं. ह्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली, पण त्या क्षणी मी प्रकाशक असतो तर घर विकून ते पुस्तक छापलं असतं.

ताईंनी पाहुण्यांची खुर्ची ओढली, झारा स्टुलावर ठेवला आणि पाय लांब करून बसल्या.

"नाई छापलं त नाई छापलं," त्या म्हणाल्या. "पन मले एक सांगा. तो राक्षस रडाले लागला, तिथंवर मी आयकलं होतं. मंग कुकरच्या सिट्या झाल्या. नदी वापस देल्ली का त्यानं?"

साडूंनी कपाटातून जुनं जाडजूड हस्तलिखित काढलं. शेवटची पानं उघडली, ताईंकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटली.

"पयल्यापासून वाचू?"

"पयल्यापासूनच वाचा. घाई कोनाले हाय?"

आम्ही चौघांनी चपला घातल्या आणि हळूच बाहेर पडलो. साडू वाचत होते; आम्ही गेलो हे त्यांना कळलंही नाही.