घरच्या आर्किटेक्टची फी

वाचनालयाच्या खजिनदारांना सगळेच मामा म्हणत. खरे मामा ते एकाच मुलीचे, बहिणीच्या. ती आर्किटेक्ट निघाली.

नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात मामांनी सिमेंट, सळया, अगदी खिडक्यांच्या कड्यासुद्धा मांडल्या. आर्किटेक्टच्या फीपुढे मात्र छपराच्या दुरुस्तीच्या वेळचा जुनाच आकडा लिहिला.

“मामा, एवढ्यात फक्त नकाशे होतील,” भाची म्हणाली. “कामावर फेऱ्या होणार नाहीत.”

“फेऱ्या मी मारीन की! आणि तू तर घरचीच.”

भाचीने नकाशे दिले आणि ती दुसऱ्या कामाला लागली.

मामा वीज कार्यालयातून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. रोज जाऊन पोती मोजायचे. ठेकेदार म्हणायचा, “मामा असताना इथून मुंगीसुद्धा साखर नेणार नाही.” पोती बरोबर भरली. जिना कुठवर आला, ते कुणी नकाशाशी ताडून पाहिलं नाही.

अध्यक्ष पाहायला आले, जिना चढले आणि वरच्या तुळईवर त्यांचं कपाळ आपटलं.

“मामा, लोकांनी वाचायला वाकून यायचं का?”

“विद्येपुढे नम्र असावं, साहेब,” ठेकेदार पुटपुटला.

मामांनी भाचीला फोन केला. “येऊन बघतेस?”

“येते. पण बघण्याची फी लागेल, मामा. या वेळी नीट मांड.”

बैठकीत मामा म्हणाले, “दर्शनी पोर्च रद्द करू. त्या पैशांत आर्किटेक्टची पूर्ण फी आणि जिन्याची दुरुस्ती बसते.”

“वा!” कार्यवाह हसले. “भाचीची सोय लावताय? इतकी वर्षं हात स्वच्छ ठेवून शेवटी हे?”

मामांचे कान लाल झाले. चष्मा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“परकी असती तर पहिल्याच दिवशी पूर्ण फी मांडली असती. घरची म्हणून कापली. चुकलो तिथे चुकलो. आता भाचीला द्या नाहीतर दुसऱ्या कुणाला द्या, पण पुरती फी द्या.”

पोर्चवर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव लागायचं होतं. त्यांनी कपाळावरच्या टेंगळाला हात लावला आणि ते म्हणाले, “मंजूर. तिलाच बोलवा.”

दुसऱ्या दिवशी भाची आली, जिन्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, “तोडा.”

“सगळा?” मामांचा आवाज चिरकला.

“वरचा अर्धा. हे धर.”

मामांनी नकाशा दोन्ही हातांनी धरला. तिने तो त्यांच्या हातातच फिरवून सरळ केला.