सिंकजवळचा पिवळा कप

कॅलिफोर्नियात, सांता क्लाराच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सिंकच्या वरच्या खिडकीत एक पिवळा कप उपडा घातलेला असायचा. बँकेत खातं उघडल्यावर फुकट मिळालेला. बाकीचे सहा कप पांढरे, सोनेरी काठाचे, कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून मोठ्या हौसेने आणलेले. ते वरच्या कपाटात. पिवळा तेवढा खिडकीत. तो तिथे का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, असाच राहिलाय. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

पुण्याहून मी फिजिक्सची बी.एस्सी. घेऊन आले होते. इथे तिचं कुणाला काही कौतुक नव्हतं. नवरा चिपच्या कंपनीत इंजिनीअर, सकाळी आठला जाणार, सहाला येणार. त्याच्या ओळखीच्या एका मॅनेजरने मला सांगितलं, कम्युनिटी कॉलेजचे दोन कोर्स जूनच्या आत पूर्ण कर, टेस्ट टेक्निशियनची जागा तुला देतो. एक कोर्स इलेक्ट्रॉनिक्सचा, सोमवार-बुधवार दुपारी. दुसरा अल्जिब्राचा, मंगळवारी संध्याकाळी. तो मी पुण्यात कधीच केला होता, पण इथल्या कागदावर नव्हता. मंगळवारी नवरा घरी असे. दुपारी मुलीला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न होता. डे-केअरची यादी वर्षभर हलत नव्हती. जून हुकला असता तर जागा दुसऱ्याला गेली असती आणि मी पुन्हा घरी बसले असते. घरी बसायचा मला मनापासून कंटाळा आला होता.

अल्जिब्राच्या वर्गात माझ्या शेजारी एक काळी बाई बसायची. एक्कावन्न वर्षांची, उंच, कपडे नेहमी इस्त्रीचे. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठी, पण तिकडे वर्गात बसलं की सगळे अरे-तुरे. हॉस्पिटलात ती रात्रपाळीची एड होती. म्हणजे रुग्णांना उठवणं-बसवणं, बेडपॅन, चादरी. पंचवीस वर्षं तेच. तिला नर्स व्हायचं होतं आणि नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी अल्जिब्रा पास होणं भाग होतं. एक्स दिसला की तिचा चेहरा दगडी व्हायचा.

मधल्या सुट्टीत ती फ्लास्क काढायची. झाकणात कॉफी ओतून आधी माझ्यापुढे करायची, मग स्वतः प्यायची. मीही त्याच झाकणातून प्यायचे, काही वाटायचं नाही. मी डब्यातला लाडू अर्धा मोडून तिला द्यायचे. अशाच एका सुट्टीत तिने सांगितलं की नर्सिंगला ती एकदा जाऊन आली होती.

टेक्सासमधल्या एका लहान गावची ती. आई एका गोऱ्या डेंटिस्टच्या घरी स्वयंपाकाला होती. मुलीने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, एवढा एकच हट्ट आईने आयुष्यभर धरला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिला शहरात, काळ्या मुलींच्या नर्सिंग स्कूलला घातलं. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पोट दिसू लागल्यावर मेट्रनने बोलावून ट्रंक भरायला सांगितलं.

"मेट्रन गोरी होती?" मी विचारलं.

"छे! आमच्यातलीच. डॉक्टरची मुलगी. पियानो वाजवायची. मला म्हणाली, स्वयंपाकिणींच्या मुली घेतल्या की हे असं होतं." तिने झाकण फिरवून घट्ट केलं. "मुलगा कोण, हे कुणी विचारलं नाही. तो मेडिकलला होता. तो झाला डॉक्टर."

ती हे अगदी सहज बोलत होती. मला मात्र संताप आला, आणि तो आल्याचं मला बरंही वाटलं.

सौदा तिनेच सुचवला. रात्रपाळी करून ती सकाळी झोपायची, दुपारी मोकळी असायची. सोमवारी आणि बुधवारी ती माझ्या मुलीला सांभाळेल, मी कॉलेजच्या लॅबहून आले की तासभर मी तिला अल्जिब्रा शिकवायचं. पहिल्याच दिवशी मुलगी तिच्या मांडीवर जाऊन बसली. मी मुलीला तिला मावशी म्हणायला शिकवलं. मावशी म्हणजे आईची बहीण, असा अर्थ सांगितल्यावर माझी ही मैत्रीण खूश झाली.

त्याच दिवशी मी तिला पिवळ्या कपात कॉफी दिली. ती गेल्यावर कप धुतला आणि खिडकीत उपडा घातला. दर वेळी तसंच. आम्ही चहावाले, कॉफीचा वास राहतो, असं कारण मी स्वतःला दिलं असणार. दिलं असणार म्हणते, कारण खरं तर हाताने परस्पर केलं, डोक्याला विचारलंच नाही. पुण्याला आमच्या घरी मोरीच्या कट्ट्यावर कान तुटलेला एक कप असाच उपडा असायचा, कामाला येणाऱ्या बाईंचा. माझे वडील समतेवर भाषणं करत. आमच्याकडे असलं काही नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कप तेवढा होता.

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका काकूंनी मला लाँड्रीत गाठलं. "काळी बाई ठेवलीस म्हणे? मुलगी घाबरत नाही?" मी त्यांना दहा मिनिटं सुनावलं. ठेवली नाही, मैत्रीण आहे ती माझी, वर्गात शेजारी बसते, आपण भारतीयांनी तरी असं बोलू नये, वगैरे. नाकाने कांदे सोलायची एकही संधी मी त्या काळात सोडत नसे. काकू ड्रायरमधले कपडे अर्धे ओले घेऊनच निघून गेल्या.

मार्चमध्ये एका बुधवारी नवरा सर्दीने बेजार होऊन लवकर घरी आला. मी टेबलाशी तिला समीकरणं समजावत होते, मुलगी खाली खडूने रंगवत बसली होती. पांढरे कप सगळे सिंकमध्ये खरकटे पडले होते. नवऱ्याने खिडकीतला पिवळा कप उचलून नळाखाली धरला.

"डॅडी, नो!" मुलगी ओरडली. "दॅट्स मावशीज कप! वी डोन्ट ड्रिंक फ्रॉम दॅट!"

नवरा जरा हसला. "ओह, सॉरी यार, लक्षात नाही आलं," म्हणाला, पाणी ओतून दिलं, कप पुन्हा खिडकीत उपडा घातला आणि सिंकमधला एक पांढरा कप विसळून घेतला. इतकं सहज केलं की त्याला आजही आठवत नसेल.

तिने पेन्सिल खाली ठेवली. मुलीला जवळ घेऊन अगदी मऊ आवाजात विचारलं, का गं, त्यातून का नाही प्यायचं?

"बिकॉज यू ड्रिंक फ्रॉम इट," मुलगी म्हणाली.

मुलीला हे मी कधी बसवून शिकवलं नव्हतं. एकदा तिने त्या कपात दूध मागितलं तेव्हा मी तो तिच्या हातातून काढून घेतला होता. तेवढं पुरलं. मुलीला उत्तम मराठी यावं म्हणून मी जिवाचं रान करत होते, ते काही तिला धड येत नव्हतं. हे बरोबर आलं.

मी बोलायला लागले. आमच्याकडे उष्ट्याचं फार असतं, म्हणाले, कुणीच कुणाचं उष्टं खात नाही, पीत नाही, त्यात तुझा प्रश्न नाही. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "मंगळवारी माझ्या झाकणातून पितेस ना?"

नवरा नाक पुसत आतल्या खोलीत गेला.

"तुला पुढचं सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "बाळंतपणासाठी गावी गेले. मुलगी झाली. आईची कंबर गेली होती. मग आई बाळाला घेऊन घरी बसली आणि तिच्या जागी मी त्या डेंटिस्टच्या घरी कामाला जायला लागले. तिथे मागच्या ओट्यावर खिळ्याला जॅमची एक बरणी टांगलेली असायची, आईला पाणी प्यायला. मी पहिल्या दिवशी गेले, तर मालकीणबाईने शेजारी दुसरा खिळा ठोकून ठेवला होता. माझ्यासाठी नवी बरणी. आईची वेगळी, माझी वेगळी. ती बाई वाईट नव्हती. बाळासाठी तिने स्वेटर विणला होता." तिने खिडकीकडे पाहिलं. "तुझ्याकडे पहिल्या दिवशी कॉफी प्यायले, तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, बघू या किती दिवस चालतं."

लाज वाटली, हे खरं. पण त्याच क्षणी मनात दुसरा विचारही आला, आणि तोही सांगायला हवा. आता ही येणार नाही, मग लॅबचं काय, जूनचं काय? मी तिची क्षमा मागितली, ती किती तिच्यासाठी आणि किती जूनसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिने वह्या पिशवीत भरल्या. "येईन मी सोमवारी," ती म्हणाली. "घाबरू नकोस. एकदा लोकांच्या वागण्यामुळे माझं शिक्षण सुटलं. आता तुझ्या कपापायी सोडणार नाही. अल्जिब्रा तू चांगला शिकवतेस. पण इथे काही पिणार नाही."

ती गेल्यावर मी तो कप उचलला, दोन पिशव्यांत गुंडाळला आणि खाली मोठ्या कचरापेटीत टाकून आले. येताना जिना चढताना हलकं वाटलं. एवढं तरी लगेच केलं आपण, असं वाटलं.

सोमवारी ती आली. फ्लास्क घेऊन आली. मी पांढऱ्या कपात कॉफी करून तिच्यापुढे ठेवली. ती थँक यू म्हणाली, पण कपाला हात लावला नाही; कॉफी तिथेच थंड झाली. बुधवारी पुन्हा. कॉफी, मग चहा, मग उन्हं वाढल्यावर बर्फ घालून लिंबाचं सरबत, मी सगळं करून पाहिलं. दहा आठवडे तिने माझ्या घरात पाण्याचा थेंब घेतला नाही. मुलीला तिने काही जाणवू दिलं नाही. तिच्या वेण्या घालायची, तिला पोटाशी घेऊन झोपवायची, दूध स्वतःच्या हाताने पाजायची. मंगळवारी वर्गात फ्लास्कचं झाकण अजून आधी माझ्यापुढे यायचं. मी प्यायचे. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. दर घोट मला मोजून मिळाल्यासारखा वाटायचा, आणि एकदा तर ती हे मुद्दाम करते असं वाटून मला तिचा रागही आला.

मी शिकवण्यात मात्र कसर ठेवली नाही. एक्सला ती घाबरायची ते एप्रिलमध्ये थांबलं. मेमध्ये ती माझ्या चुका काढायला लागली. तिची मुलगी तोवर तिशी ओलांडलेली, दूरच्या शहरात शाळेत शिकवत होती. ती फोनवर आईला म्हणे, आता या वयात कशाला? हे सांगताना ती हसायची, पण पेन्सिल जोरात दाबायची.

परीक्षा मेच्या शेवटी झाली. निकाल लागला त्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या फळ्यासमोर उभ्या होतो. मला ए, तिला बी. तिने त्या बीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. माझी जागा पक्की झाली होती, मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. डे-केअरमध्येही नंबर लागला होता. ती मुलीला भेटायला शेवटची म्हणून घरी आली. तिने मुलीसाठी पिवळे फ्रॉक आणले होते, दोन.

मुलगी फ्रॉक घालून फिरत होती. तिची मावशी टेबलाशी बसली, नेहमीच्या खुर्चीत. फ्लास्क आज दिसत नव्हता.

"आज कॉफी दे," ती म्हणाली.

मला रडू येईल असं वाटलं. मी पटकन उठले, कपाट उघडलं, सोनेरी काठाचा कप काढला.

"तो नको," ती म्हणाली. "इवलासा आहे, दोन घोटांत संपतो. तो पिवळा दे. कप म्हणून चांगला होता, कॉफी गरम राहायची त्यात. आणि आज तूही त्यातूनच घे."

"तो नाहीये," मी म्हणाले. मग जरा अभिमानानेच सांगितलं, "त्याच दिवशी टाकून दिला मी. तू गेल्या-गेल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं गणित शेवटच्या पायरीवर चुकलं की ती वहीकडे पाहायची, तसं.

"टाकलास?" ती म्हणाली. "धुऊन बाकीच्या कपांत नाही ठेवता आला?"

मी हातात पांढरा कप घेऊन उभी होते. गॅसवर पाणी उकळायला लागलं होतं.

"राहू दे मग कॉफी," ती म्हणाली, आणि माझ्या मुलीला हाक मारून तिच्या फ्रॉकचं मागचं बटण लावायला लागली.