कोसबाडच्या चढावर बसणारी गाडी

आमच्या दारात एक गाडी उभी असते. दोन माणसांची, वरून उघडी, पोट जमिनीला टेकेल की काय असं वाटणारी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. वयाने माझ्याहून मोठी. डहाणूतल्या एका चिकूच्या वाडीत, शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या ढिगाखाली ती कितीतरी वर्षं पडून होती. वाडीवाले तिला भंगारात काढायला निघाले, तेव्हा आमच्या ह्यांनी मध्ये पडून ती घेतली आणि गल्लीतल्या लोकांना हाताशी धरून ढकलत घरी आणली. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, "घरात धड एक कपाट नाही आणि दारात हे धूड!" तर म्हणतात कसे, "तुला एकदा हिच्यातून वेवजीला नेतो, मग बोल."

वेवजी माझं माहेर. तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला चिकटून. तिथे भाऊ राहतो माझा. एसटीने जाऊन येऊन आयुष्य गेलं, मला काही त्या गाडीची हौस नव्हती. पण माणूस असं काही बोलला की आत कुठेतरी बरं वाटतंच, खोटं कशाला बोलू?

हे रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीला होते, मी सरकारी दवाखान्यात नर्स. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, ह्यांनी गाडी धरली. नट न् नट सोडवला. अंगणात पत्रे, स्वयंपाकघरात स्प्रिंगा, माझ्या पापडाच्या लाटण्यावर ग्रीस! मी बोलायची, ते हसायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी ह्यांनी घरोघरी पेढे वाटले. शेजारीण मला विचारते, "नात झाली का हो?" काय सांगणार, कपाळ!

आणि मग डोळ्यांचं निघालं.

काचबिंदू. वापीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कडेची नजर बरीच गेली आहे, मधलीही धूसर व्हायला लागली आहे, गेलेली परत येत नाही. औषधाचे थेंब टाकत राहायचे, आहे ती टिकवायची. "और गाडी मत चलाइए," असं स्पष्ट म्हणाले ते, माझ्यासमोर. परत येताना हे खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. उंबरगाव गेल्यावर म्हणाले, "ते स्कूटरबद्दल बोलत होते. त्या गाडीचं काही म्हणाले नाहीत."

मी नर्स. माणसाला वाईट बातमी कशी सांगायची ते मला शिकवलेलं आहे. शेकडो लोकांना सांगितलं असेल. घरच्या माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा मात्र जीभ टाळ्याला चिकटली. त्यांनी चहाचा कप समजून पाण्याच्या तांब्याला धक्का मारला की मी म्हणायची, "मीच मेली कुठेही ठेवते!" दाराच्या कडीला कपाळ आपटलं की मी कडीला शिव्या द्यायची. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका सकाळी हे म्हणाले, "चल, वेवजी."

नाही म्हणायला पाहिजे होतं, हे कोणीही सांगेल. मला नाही जमलं. मी साडी नेसून शेजारी बसले, आणि रस्त्यावरचं जे जे दिसेल ते मोठ्याने बोलत सुटले. "बाई गं, केवढी म्हैस!" "अहो, तो बघा सायकलवाला, कसा चालवतोय!" म्हणजे त्यांना कळावं आणि मी सांगतेय असंही वाटू नये. ह्यांना ते कळत नव्हतं असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

कोसबाडच्या चढाला लागलो आणि गाडीने मान टाकली. आधी हिसके, मग खोकला, मग झालं! बसली जागच्या जागी. ह्यांनी खाली उतरून पुढचं झाकण उघडलं. माझ्या मनात काय आलं सांगू? देवा, तुझे उपकार. मी तोंड पाडून बसले होते, पण आतून इतका जीव भांड्यात पडला की विचारू नका.

"पेट्रोल पोचत नाहीये," हे म्हणाले. "टाकीत बघ किती आहे."

पेट्रोलचा काटा बंद, म्हणून टाकीत काडी बुडवून बघायचं. काडीवरची ओल ह्यांना दिसायची नाही, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं होतं. मी मागे जाऊन झाकण फिरवलं, काडी बुडवली. पेट्रोल होतं, चांगलं अर्धी टाकी. झाकण लावलं. हे पुढे, पंप तापला असेल म्हणून त्यावर ओलं फडकं ठेवून, नळ्या हलवून, पुन्हा सुरू करून बघतात तर गाडी सुरू! पण पुढे जायची हिंमत झाली नाही. वळवून घरी आलो.

तिथून ते सुरू झालं. हे दुरुस्ती करायचे, अंगणात गाडी झकास चालायची, पंपाची टकटक एका तालात. की निघालोच वेवजीला. आणि कोसबाडचा चढ आला की हिसके, खोकला, ठप्प. ह्यांनी रबरी नळ्या बदलल्या, कारण हल्लीचं पेट्रोल जुनं रबर खातं म्हणे. गाळणी बदलली. टाकी उतरवून आत खडी घातली आणि ती खळखळवून गंज काढला. पंप काढून पिशवीत घातला आणि आम्ही दोघं एसटीने तलासरीला गेलो, हायवेवरच्या मिस्त्रीकडे. त्याने पंप बॅटरीला लावून ऐकला. "काका, पंप तर एकदम बराबर छे. लाइनमधी काय तरी बघा." लाइन बघून बघून ह्यांचे हात सोलवटले होते.

एकदा असेच चढावर अडकलो होतो. हे पुढे, मी मागे. मी झाकण फिरवलं आणि 'सुस्स' असा आवाज आला, हवा आत ओढल्यासारखा. आधीही यायचा, पण मी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी हात थांबला. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला सलाईन काचेच्या बाटलीत यायचं. बाटली उलटी टांगायची, नळी जोडायची, आणि बुचात आणखी एक सुई टोचायची, नुसती हवा आत जायला. ती टोचायची राहिली की थोडा वेळ सलाईन पडतं आणि मग थांबतं. बाटली भरलेली, पेशंट वाट बघतोय, आणि थेंब काही पडत नाही. नातेवाईक धावत यायचे, "सिस्टर, पाणी चढत नाय!" मी जायची, सुई टोचायची, बाटलीत बुडबुडे यायचे आणि थेंब चालू.

मी झाकण उलटं केलं. मध्ये एक बारीक भोक होतं, आणि ते राखाडी लांबीने, पत्र्याची भोकं भरायच्या लगद्याने, बुजवलेलं होतं. कोणी बुजवलं ते मला माहीत होतं. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं होतं, तेव्हा ह्यांनी झाकणावरून नख फिरवत म्हटलं होतं, "हे बघ, इथे गंजून भोक पडलंय." आणि छान लांबी भरून टाकली होती. ते गंजाचं भोक नव्हतं, गोल, मुद्दाम पाडलेलं होतं. टाकी रिकामी होत जाईल तशी हवा तिथून आत यायची. डोळे चांगले असलेल्या कोणालाही दिसलं असतं.

मी झाकण लावलं, गच्च. आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

का सांगावं? सांगितलं असतं तर गाडी धावली असती. आणि गाडी धावली असती तर हे धावले असते, त्या नजरेने, त्या रस्त्यावर. वर पुन्हा, भोक बुजवलं ते न दिसल्यामुळे, हेही मीच त्यांना ऐकवायचं? नको रे बाबा. बसू दे मेलीला चढावर. माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

पण घरात जे चाललं होतं ते बघवेना. एका दुपारी हे ओटीवर कार्बोरेटर सोडवून बसले होते. माझी परात घेतली होती सुटे भाग ठेवायला. त्यात एक जेट असतं, गव्हाच्या दाण्याहून जरा मोठं पितळी नळकांडं, त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. ते हातातून निसटलं. टिणकन वाजलं. हे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळव्यांनी फरशी चाचपायला लागले. भर दुपार, लख्ख उजेड, आणि जेट त्यांच्या गुडघ्याशेजारी चमकत पडलेलं. मी दारात उभी होते. हळूच जाऊन ते उचललं आणि त्यांचा हात पुढे जिथे येणार होता तिथे ठेवलं. हात आला. "सापडलं!" म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. चढ आला. हिसके, खोकला, ठप्प.

या वेळी ह्यांनी पुढचं झाकण उघडलंच नाही. रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. मी म्हटलं, "अहो, फडकं ओलं करू का?" हात चोळत म्हणाले, "डोळ्यांचं मी धरूनच चाललोय. मला काय कळत नाही काय? पण हात होते गं. रेल्वेत अंधारात, पावसात, नुसत्या बोटांनी तार जोडायचो मी. आता हातही गेले. भंगारवाल्याला बोलाव, घेऊन जाऊ दे."

एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता, आज डोळे पुसत होता. मी काय करणार होते? डोळे गेले म्हणून सांगू की हात गेले असं समजू देऊ? दोन्हीकडून मीच मारणार होते त्यांना. माझ्या तोंडून निघून गेलं, "हात नाही हो गेले! हात तुमचे चांगले आहेत. ते झाकण आहे."

सगळं सांगितलं. सलाईनची सुई, तो आवाज, ते भोक. झाकण आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे मीच बुजवलं."

"हो."

"गंज वाटला मला."

"हो."

"दिसलं असतं तर कळलं असतं." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुला कधी कळलं?"

मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागले. ते उठले, मागे जाऊन झाकण टाकीवर अर्धवट सैल ठेवलं, आणि गाडीत बसले. मी म्हटलं, "आता घरी जाऊ या." ते म्हणाले, "वेवजी." खाली उतरून रस्त्यात आडवी पडले असते तर थांबले असते का? माहीत नाही. मी शेजारी जाऊन बसले.

काय गाडी धावली त्या दिवशी! कोसबाडचा चढ तिने एका दमात पार केला. पंप टकटकतोय, इंजिन गुरगुरतंय, वारा कानात शिरतोय. ह्यांचा चेहरा असा उजळला होता, लग्नात तरी कुठे असा बघितला होता मी! आणि माझी पाचावर धारण बसलेली. डॅशबोर्ड धरून मी ओरडत होते, आता आडवळणाने बोलायलाही वेळ नव्हता. "उजवीकडे टेम्पो! डावीकडे शेळ्या! हळू, अहो हळू!" ते "हो, हो" म्हणत होते.

उतारावर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. मी "डावीकडे बाई!" म्हणेपर्यंत आम्ही तिच्यापाशी होतो. गाडी तिच्या लुगड्याला घासून गेली. ती खाली चरात पडली, भारा रस्त्यावर. माझी किंकाळी ऐकून ह्यांनी ब्रेक मारला.

ती उठली. लागलं नव्हतं. तिने आमची आईमाई काढली, आणि बरोबरच होतं तिचं. मी उतरून हातापाया पडले, भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला. ती गेली. मी गाडीपाशी आले, तर हे समोर बघत तसेच बसलेले.

"कोण ओरडत होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, एक बाई होती, गाडी तिला घासून गेली.

"मला काहीच दिसलं नाही गं," ते म्हणाले. "काहीच."

आणि त्यांनी स्टेअरिंग सोडून हात मांडीवर ठेवले. इंजिन चालूच होतं. एक हिसका नाही, एक ठेका चुकत नव्हता. वेवजी पुढे, डहाणू मागे, आणि गाडीत बसलेल्या दोघांपैकी एकाला दिसत नाही, दुसरीला चालवता येत नाही. त्या आवाजाने माझं डोकं फुटायची वेळ आली. मी म्हटलं, "बंद करा ना हो."

"माझ्याने नाही होणार. तू कर."

ती बंद पडावी म्हणून मी इतके दिवस देवाला हात जोडले होते. पण बंद कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी चाचपत माझा हात धरला, चावीवर नेऊन ठेवला, आणि मी ती फिरवली.