झाडून टाकलेले आकडे

ललिता उसेंडीला स्वच्छतेची खोड होती, आणि ही खोड तिला मोहाच्या झाडानं लावली होती. धानोऱ्याकडच्या तिच्या गावात मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख करतात, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपं जातं. ललितानं झाडलेली जागा तिची आई रुखमाबाई शेजारणींना मुद्दाम नेऊन दाखवायची.

हीच पोरगी पुढं गडचिरोलीत भौतिकशास्त्रात पीएचडीला बसली. गावातली पहिलीच. काही शे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी हवेचे कण फुटून विद्युतभारित वायू होतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो कुठं दाट असतो, कुठं विरळ. त्यातून जाणारा उपग्रह त्याची घनता सतत मोजत असतो, आणि ते आकडे कुणालाही मिळतात. ललिता तेच घेऊन बसली. मधेच घनता धाडकन खाली गेली, आलेखात खड्डा दिसला, की यंत्राची चूक समजून ती तो आकडा उडवायची. तीन वर्षं उडवले. आलेख इतके गुळगुळीत झाले, की तिचे गाईड अश्वजित रामटेके सर इतरांना ते कौतुकानं दाखवत.

प्रबंध द्यायला महिना उरला असताना ती मोहाच्या हंगामात घरी गेली. कोळसा खाणींच्या घुग्घुसहून नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी, दीपिका, सासूला खूश करायला पहाटेच उठली आणि झाडाखाली खराटा फिरवून आली. पडलेली सगळी फुलं पाल्यासकट नाल्यात गेली.

रुखमाबाई रागावली नाही. "फुलं पडाच्या आंधी झाडतेत बाई," ती म्हणाली. "मंग झाडलं त जे वेचाचं तेच जाते."

दीपिका ओशाळली. पण ललिताचा चेहरा तिच्याहून उतरला. आपण तीन वर्षं काय केलं, ते तिला तिथंच उमगलं.

परत येऊन तिनं उडवलेले आकडे पुन्हा बसवले. खड्डे बहुतेक सूर्यास्तानंतरचे निघाले. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाच्या नोंदी काढल्या, तर त्याच वेळी, त्याच भागात तिथंही खड्डे. दोन यंत्रं मिळून कशी चुकतील? असे खड्डे खरोखर असतात हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. स्वतःच्या आलेखात दिसले तेव्हा मात्र तिला ती घाण वाटली होती.

"मीबी पाहिलं नाई," रामटेके सर म्हणाले. "पण आता उघडलं त साल जाईन तुयं."

"जाऊ द्या सर."

वर्ष गेलंच. सकाळी पोटापाण्यासाठी धानोऱ्यात शिकवायचं आणि दुपारी गडचिरोलीत येऊन एकेक खड्डा मोजायचा, असं तिनं चिकाटीनं निभावलं.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी तिचे पहिल्या तीन वर्षांचे प्रगती अहवाल पुढ्यात घेतले. "यांत एकही खड्डा नाही. असं कसं?"

यंत्रावर ढकलता आलं असतं. सरांवरही.

"मीच काढून टाकले होते, सर. चूक माझी."

"आणि त्यापायी वर्ष गेलं. वाईट नाही वाटलं?"

"तशीच डॉक्टर झाली असती, तर वाटलं असतं."

परीक्षकांनी अहवाल मिटले. "बसा, डॉक्टर उसेंडी," ते म्हणाले.

मागच्या बाकावरच्या रुखमाबाईला तासभर काही कळलं नव्हतं, एवढं मात्र कळलं. ती पदर सावरून ताठ बसली आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, "ते मायी पोरगी हाय."