वन्संची शिट्टी

'कायमचं' या शब्दावर माझ्या थोरल्या नणंदेइतका विश्वास अख्ख्या मंगळवार पेठेत दुसऱ्या कुणाचा नसेल. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. वन्सं हाताला मेंदी लावत नाहीत. "आठ दिसांत जाती, मग लावायची कशाला?" असं म्हणून त्यांनी जोतिबाच्या यात्रेत कोपरापर्यंत गोंदवून घेतलं. कागदी आकाशकंदील फाटतो म्हणून लोहाराकडून पत्र्याचा करून घेतला. वारा सुटला की तो गल्लीभर वाजतो. तुळशीची कुंडी फुटली तेव्हा त्यांनी दारात सिमेंटचं असं वृंदावन बांधलं, की तेव्हापासून त्यांची स्कूटर घरात शिरलेली नाही.

वन्संचं दुसरं वैशिष्ट्य त्यांची शिट्टी. घरामागच्या गोठ्यात त्यांची बिजली नावाची म्हैस आहे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर आणतात आणि मालकाच्या हाकेवर पळवतात. बाकीचे लोक म्हशीला बोलवायला मोटरसायकली फुरफुरवतात. वन्सं पदर खोचून, ओठांचा चंबू करून एकच शिट्टी घालायच्या, आणि बिजली गर्दी फोडून त्यांच्यापुढं येऊन थांबायची. वर्षातला तो एक क्षण त्यांचा असायचा.

अशा बाईनं भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिला. "माझा वरचा ओठ कुठं हाय ग? ह्यात दिसंनाच की." मला वहीत लिहून काम करायची सवय आहे. मी पाच प्रश्न लिहिले आणि त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं : ओठात भरायचं एक औषध आहे, ते वर्षभरात विरतं, आणि बिघडलंच तर इंजेक्शननं विरघळवता येतं. वन्सं उठल्याच. "विरघळणारा ओठ घेऊन काय करू? ओठ हाय का कुल्फी?"

मला न सांगता त्या एका पार्लरात गेल्या. तिथल्या पाटीवर 'कायमस्वरूपी' लिहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. आत काय भरलं हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. चार-पाच महिने ओठ खरंच झकास दिसले. मग आत जोंधळ्याएवढं काही लागू लागलं, मग हरभऱ्याएवढं, आणि दिवाळीपर्यंत वरचा ओठ एका बाजूला घट्ट होऊन बसला.

त्या पाडव्याला वन्संनी चंबू केला. नुसतं फुस्स झालं. पुन्हा केला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आक्का, टायरात हवा कमी हाय." बिजलीनं शेजारच्याच्या मोटरसायकलीचा आवाज ऐकला आणि ती तिकडे पळाली. वन्सं पदर तोंडाला लावून घरी आल्या आणि म्हणाल्या, "लिही तुझ्या वहीत, काय काय इचारायचं ते."

प्लास्टिक सर्जननी काही लपवलं नाही. हे विरघळत नाही, मांसात मिसळतं. आधी इंजेक्शनं देऊन सूज उतरवायची, मग ओठाच्या आतल्या बाजूनं छेद घेऊन गाठी काढायच्या, तेही दोन टप्प्यांत. सगळं निघेलच असं नाही. व्रण राहील, थोडा बधिरपणा, थोडा वाकडेपणा राहू शकेल. मी भराभर लिहून घेत होते.

"आणि शिट्टी?" वन्संनी विचारलं. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

"प्रयत्न करू. वाजेल असं सांगता येत नाही."

"एकदाच काय ते कायमचं सांगा की डॉक्टर."

"कायमचं मी कुणालाच काही सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग तारीख लिही," वन्सं मला म्हणाल्या.

दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. ओठ पातळ झाला, एक कोपरा किंचित जड राहिला. वन्सं रोज ओट्यापाशी उभ्या राहून सराव करायच्या आणि कुकर त्यांच्या आधी शिट्टी द्यायचा. "गप ग, तुला कुणी इचारलंय," असं त्या त्याला म्हणायच्या.

या पाडव्याला मी त्यांच्या शेजारी उभी होते. शिट्टी आली, पण बारीक, अर्धी वाऱ्यात गेलेली. पलीकडे बिजलीनं कान टवकारले. शेजारची मोटरसायकल फुरफुरत होतीच. म्हैस जरा वेळ तिथंच थांबली, मग गर्दीतून आमच्याकडे निघाली. पळत नाही, चालत. येऊन तिनं वन्संच्या खांद्याला तोंड लावलं.

वन्संनी तिच्या रंगवलेल्या शिंगावरून हात फिरवला. "वय झालं की ग हिचं बी," त्या म्हणाल्या.