सात दारांची यादी

आमच्या वडनेरच्या घराला सात दारं आहेत आणि खिडकी एकही नाही. हा गुन्हा माझा!

महाराष्ट्र नुकता झाला होता, मी नुकता मास्तर झालो होतो आणि वडिलांनी घर बांधायला काढलं होतं. नकाशा काढणारे होते खामगावचे एक रिटायर्ड ओव्हरसियर. त्यांचा नियम सरकारी: काय पाहिजे ते कागदावर द्या; लिहिलेलं सोडणार नाही, न लिहिलेलं करणार नाही. घरात सुवाच्य अक्षर माझंच (बाकी अंगठेबहाद्दर), म्हणून यादी माझ्याकडे आली.

वडिलांना दार रस्त्याकडे हवं होतं. आईला विहिरीकडे. काकाला बैलांकडे. काकूला आईच्या नजरेस न पडणारं. बायको आधी लाजून काही नको म्हणाली, मग दोन सांगितली. सातवं कोणी सांगितलं ते आजवर कोणी कबूल करत नाही. मी शुद्धलेखन तपासून यादी धाडली. खिडकी कोणी मागितली नव्हती, आणि पदरचं घालणं मला मंजूर नव्हतं.

घर उभं राहिलं आणि गाव हसायला येऊ लागलं. वडील माझ्याशी बोलेनात. धाकट्या बहिणीला, सुशीलेला, पाहायला आलेली दोन स्थळं तर घर बघूनच परतली. तिसरं आलं संग्रामपूरचं. मुलगा सुशीलेला मनातून पसंत होता, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला.

मुलाचे वडील पोहे अर्धे ठेवून उठले. एका दारानं बाहेर, दुसऱ्यानं आत, अशी सातही करून आले.

"हे कोनाच्या डोक्यातून निघालं?"

वडिलांनी तत्परतेनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"मास्तर, आम्ही चार भाऊ अन् दार एक. आधी कोनाची बैलगाडी निघंल, याच्यावरून रोज भांडन होऊन राह्यलं. हे मले काऊन सुचलं नाही? पोरगी पसंत हाय. पन आमच्या घराची यादी तुम्हीच लिवून द्या."

सुशीला दाराआड (कोणत्या, ते विचारू नका) रडता रडता हसली. वडिलांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. मी आठ दिवस गावातून छाती काढून फिरलो आणि संग्रामपूरच्या यादीत एकदम नऊ दारं लिहिली.

पहिल्या दिवाळीला सुशीला आली. मी ऐटीत विचारलं, "भांडनं मिटली ना?"

"मिटली ना दादा. पन आता माही पेटी टेकवाले भिंतच उरली नाही. घराच्या मधात ठेवली हाय. सारे तिले ठेचकाळतेत, अन् दरवेळी तुहंच नाव घेतेत."

कौतुकानंच घेत असणार!