वरचे पाच टक्के

संख्याशास्त्राच्या एम.एस.साठी परदेशी अर्ज करणारी मुग्धा माझ्या टेबलाशी ओढणीने चष्मा पुसत उभी होती. शिफारस माझी. स्क्रीनवर प्रश्न होता: आजवरच्या विद्यार्थ्यांत ही कितव्या टक्क्यात बसते? सवयीने मी वरच्या पाच टक्क्यांवर खूण केली आणि मग थबकलो. दरवर्षी मी सगळ्यांनाच तिथे बसवतो. मग खालचे पंचाण्णव टक्के गेले कुठे? आणि हे म्हणे संख्याशास्त्राचे मास्तर!

चष्मा चढवून तिने स्क्रीनकडे पाहिलं. "सर, मी खरंच त्यात आहे?"

दिसेल त्या आकड्यावर शंका घ्या, असं मी वर्गात सगळ्यांनाच सांगतो. स्वतःच्या फायद्याच्या आकड्यावर शंका घेणारी मात्र ही पहिलीच. आता मला ते पाच टक्केही चुकीचे वाटू लागले; ही तर वरच्या एका टक्क्यातली.